गाळात रुतलेल्या महानगरासाठी महापौर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिजोरीत खडखडाट, निम्म्या रस्त्यांवर अंधार, बाजारपेठेत ओळीने बंद शटरं, आणि मतपत्रिकेवर डझनभर नावं. प्रत्येकाच्या फलकावर 'नवं पर्व'. अशा वेळी मतदाराला पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं तटस्थ असल्याचा दावा नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, न्यू ऑर्लीन्स आणि कोलंबियातल्या बोगोटा, मेदेयीन या शहरांनी हा पेपर आधीच सोडवला आहे. कुणी पास झालं, कुणी नापास. त्यांच्या उत्तरपत्रिका समोर ठेवून हे लिहिलं आहे.

एक माणूस बदलल्याने शहर सावरतं का?

एवढ्यानेच नाही. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये सव्वासात लाखही उरली नव्हती. मोटारींचे कारखाने बाहेर गेले, गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं उपनगरांत गेली, त्यांच्यामागे दुकानं गेली आणि दुकानांबरोबर करही गेला. या साठ वर्षांत शहराने नाना तऱ्हेचे महापौर पाहिले. हा ओघ कुणालाच थांबवता आला नाही.

पण म्हणून महापौर कोणीही असला तरी चालतो, असंही नाही. कचरा वेळेवर उचलणं, दिवे लागणं, परवाना खेटे न घालता मिळणं, हिशेब खरे लिहिणं, या गोष्टी त्याच्या हातात असतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्रम. पैसे कमी आणि कामं अनंत असतात तेव्हा आधी काय आणि शेवटी काय, हे ठरवणं हाच खरा कारभार. या पानावर तोच मुद्दा पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी क्षमस्व.

'शहर डबघाईला आलंय' म्हणजे नेमकं काय झालंय?

हा प्रश्न आधी उमेदवारालाच विचारा. कारण दुखणी वेगवेगळी असतात आणि औषधंही.

१९७५ साली न्यूयॉर्कचं दुखणं रोकडीचं होतं. रोजचा खर्च अल्पमुदतीच्या कर्जातून भागवला जात होता, जुनं कर्ज फेडायला नवं काढलं जात होतं, आणि चक्क पगारासारखा चालू खर्च भांडवली खात्यावर दाखवला जात होता. बँकांनी हात आखडताच सगळा डोलारा गडगडला. डेट्रॉइटचं दुखणं माणसं निघून जाण्याचं. न्यू ऑर्लीन्सवर २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. मेदेयीनमध्ये १९९१ साली दर लाख लोकांमागे जवळजवळ ३८० खून झाले. तिथे पैशाआधी जिवाचा प्रश्न होता.

बहुतेक शहरांना यातली दोन-तीन दुखणी एकदमच असतात. तरी 'सगळंच बिघडलंय' एवढंच सांगणाऱ्या उमेदवाराने निदान केलेलं नसतं, फक्त सुस्कारा टाकलेला असतो.

उमेदवारांआधी काय तपासावं?

त्या पदाला अधिकार काय आहेत, ते. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच ते कुणी करत नाही.

काही शहरांत थेट निवडून आलेला महापौर अंदाजपत्रक मांडतो, खातेप्रमुख नेमतो आणि काढतो. काही व्यवस्थांत कारभार सरकारने पाठवलेल्या आयुक्ताच्या हाती असतो. महापौर सभागृह चालवतो आणि फिती कापतो. नेदरलँड्समध्ये महापौराची थेट निवडणूक होत नाही, नेमणूक राजाज्ञेने होते. इंग्लंडच्या बर्मिंगहॅमने २०१२ च्या सार्वमतात थेट महापौराची पद्धतच नाकारली. पुढे २०२३ मध्ये पालिकेने हिशेब जुळत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली, तेव्हा केंद्र सरकारने आपले प्रशासक पाठवले.

यातला सगळ्यात चमत्कारिक प्रसंग डेट्रॉइटचा. जानेवारी २०१४ मध्ये माईक डगन यांनी शपथ घेतली तेव्हा शहर दिवाळखोरीच्या न्यायालयात होतं आणि राज्यपालांनी नेमलेले आणीबाणी व्यवस्थापक केव्हिन ऑर सर्वाधिकारी होते. कायद्याने महापौराच्या हाती जवळजवळ काहीच नव्हतं. डगन यांनी ऑर यांच्याशी लेखी समझोता केला: रोजचा कारभार महापौराकडे, पोलीस आणि वित्त व्यवस्थापकाकडे. म्हणजे निवडून आल्यावरचं पहिलं काम अधिकार मागून घेण्याचं होतं.

तेव्हा प्रत्येक आश्वासनापुढे पेन्सिलीने लिहा: हे याच्या हातात आहे का? शाळा, पोलीस, बस यांतलं काय पालिकेकडे आहे आणि काय दुसऱ्याच मंडळाकडे? निम्मा जाहीरनामा तिथेच गळून पडेल.

अनुभवी कारभारी निवडावा की नवा चेहरा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते तो चुकीचा मांडला जातो.

एब बीम यांचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या अंदाजपत्रकाचे संचालक, मग दोन वेळा शहराचे मुख्य हिशेबनीस, १९७४ पासून महापौर. प्रचाराचा सगळा भर 'यांना पैशातलं कळतं' यावर. आणि शहर बुडालं ते त्यांच्याच काळात, कारण हिशेब झाकायच्या ज्या युक्त्या वर्षानुवर्षं चालत आल्या होत्या त्यांच्याशी त्यांचा घरोबा जुना होता. अनुभव होता, पण तो बिघाडाचाच अनुभव होता.

याच्या उलट टोकाला आंतानास मोकुस. गणित-तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, बोगोटाच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा कुलगुरू. १९९३ मध्ये गोंधळ घालणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर विजार खाली ओढून त्यांनी पाठ दाखवली आणि कुलगुरुपद गेलं. त्याच प्रसिद्धीवर १९९५ मध्ये ते महापौर झाले. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांची टर उडवायला त्यांनी चौकाचौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, आणि लाच खाण्यासाठी बदनाम असलेलं वाहतूक पोलीस दल मोडीत काढलं. दुसऱ्या खेपेला, २००२ मध्ये, त्यांनी नागरिकांना विनंती केली की जमलं तर १० टक्के कर स्वखुशीने जास्त भरा. ६३,००० कुटुंबांनी भरला. हे वाचून माझा पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता.

मग नवा चेहराच बरा? थांबा. मोकुस यांना ही मोकळीक मिळाली कारण त्यांच्या आधीच्या महापौराने, हाईमे कास्त्रो यांनी, एक रटाळ आणि अतिशय अप्रिय काम उरकून ठेवलं होतं. १९९३ मध्ये शहराला नवी कायदेशीर चौकट मिळाली, मालमत्ता कराची पद्धत बदलली, घरमालकाने स्वतःच घराचं मूल्य जाहीर करून कर भरायचा अशी सोय झाली. उत्पन्न वाढलं. कास्त्रो यांना त्याबद्दल टाळ्या मिळाल्या नाहीत, शिव्या मिळाल्या. आडात पाणी त्यांनी आणलं, पोहरा दुसऱ्याने भरला.

म्हणून विचारायचं ते असं: शहराचा पाया घातला गेलाय की अजून खणायचाय? खणायचा असेल तर कर, कायदा आणि खाती यांत मुरलेला, लोकांचा राग झेलायला तयार असलेला माणूस लागतो. पाया तयार असेल आणि लोकांचा विश्वास उडालेला असेल, तर मोकुससारखा विक्षिप्तही चालतो.

उद्योजक चांगला महापौर होतो का? 'शहर कंपनीसारखं चालवू' असं तो म्हणतो.

कंपनीला तोट्यातला विभाग बंद करता येतो. महापौराला तोट्यातला मोहल्ला बंद करता येत नाही. कंपनी ग्राहक निवडते, शहराला जे आहेत ते सगळे सांभाळावे लागतात. आणि संचालक मंडळ बंद दाराआड बसतं, सभागृह उघड्यावर भांडतं.

रे नॅगिन केबल कंपनीत अधिकारी होते, सुधारक म्हणून २००२ मध्ये न्यू ऑर्लीन्सचे महापौर झाले. त्यांचं काय झालं ते पुढे येईल. डेव्ह बिंग बास्केटबॉलचे तारे आणि नंतर पोलाद व्यवसायातले यशस्वी मालक. २००९ ते २०१३ ते डेट्रॉइटचे महापौर होते, सज्जन होते, पण दिवाळखोरी टळली नाही. डगन यांनीही रुग्णालयांचा मोठा समूह चालवला होता, मात्र त्याआधी ते कित्येक वर्षं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभारात आणि राजकारणात मुरलेले होते. उपयोगी ठरलं ते हे मिश्रण. उद्योजक उमेदवाराला एकच विचारा: ज्याला तुम्ही कामावरून काढू शकत नाही अशा माणसाकडून काम कधी करून घेतलंय का?

जाहीरनाम्यात नेमकं काय शोधायचं?

काय करणार, हे कमी. काय करणार नाही, किंवा कशाला तीन वर्षं हात लावणार नाही, हे जास्त.

दिवाळखोरीच्या वेळी डेट्रॉइटमधले सुमारे ४० टक्के रस्त्यावरचे दिवे बंद होते. करायची कामं शंभर होती. हजारो पडकी घरं, जुनाट अग्निशमन गाड्या, न येणाऱ्या बस. तरी दिवे आधी घेतले गेले, कारण दिवा लागला की तो प्रत्येकाला दिसतो, त्याला फार वेळ लागत नाही, आणि अंधारात दुसरं कुठलंही काम धड होत नाही. डिसेंबर २०१६ पर्यंत ६५,००० नवे एलईडी दिवे लागले.

या गोष्टीला दोन पदर आहेत आणि ते प्रचारात कुणी सांगत नाही. एक, नवे दिवे जुन्यांपेक्षा संख्येने कमी होते. गल्लीबोळांतले बरेच जुने दिवे परत लावलेच नाहीत. म्हणजे कुणाच्या तरी दारापुढचा अंधार ठरवून कायम ठेवला गेला. दोन, हे काम करणारं दिवाबत्ती प्राधिकरण डगन येण्याआधीच, बिंग यांच्या काळात स्थापन झालं होतं. श्रेय नेहमी फीत कापणाऱ्याला जातं. (आणि काही वर्षांत त्यातले काही दिवे मंद पडायला लागले, तेव्हा पुरवठादाराविरुद्ध कोर्टात जावं लागलं. तेही महापौराच्याच गळ्यात.)

आता समोरचा जाहीरनामा उघडा. त्यात पन्नास कलमं असतील आणि सगळ्यांना 'प्राधान्य' असेल, तर कशालाच प्राधान्य नाही. ती बोलाची कढी. उमेदवाराला ती कलमं क्रमाने लावायला सांगा आणि शेवटची दहा मोठ्याने वाचायला लावा. जो वाचेल त्याची निम्मी मतं कदाचित जातील. माझं मत मात्र त्याला.

पैसे अपुरे आहेत. आधी कर्ज फेडायचं, निवृत्तिवेतन द्यायचं की कचरा उचलायचा?

या प्रश्नाचं गोड उत्तर देणारा उमेदवार खोटं बोलतोय किंवा त्याने ताळेबंद पाहिलेला नाही.

डेट्रॉइट १८ जुलै २०१३ ला सुमारे १८ अब्ज डॉलरची देणी घेऊन न्यायालयात गेलं. धनको म्हणत होते, कलासंग्रहालयातली चित्रं शहराच्या मालकीची आहेत, ती विका. निवृत्त कर्मचारी म्हणत होते, आम्ही आयुष्यभर काम केलं, आमचं पेन्शन ही मेहरबानी नाही. शेवटी धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी मिळून ८० कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी केली. चित्रं वाचली. तरी सामान्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये साडेचार टक्के कपात झाली आणि महागाईनुसार होणारी वाढ बंद झाली. पोलीस आणि अग्निशमन दलाचं मूळ पेन्शन शाबूत राहिलं, वाढ मात्र घटली. डिसेंबर २०१४ मध्ये शहर त्यातून बाहेर पडलं.

आणि हे सगळं कुठून सुरू झालं? एक मोठा धागा २००५ कडे जातो. पेन्शन निधीतली तूट भरायला तेव्हा १.४४ अब्ज डॉलर उभे केले गेले आणि त्याला व्याजदरांचे गुंतागुंतीचे करार जोडले गेले. वित्तक्षेत्रात त्या व्यवहाराचं कौतुक झालं, त्याला बक्षीसही मिळालं. पुढे व्याजदर कोसळले आणि शहर करारात अडकलं. ऋण काढून सण करणं वाईटच, पण ऋण काढून ऋण झाकणं त्याहून वाईट. 'नाविन्यपूर्ण वित्तपुरवठा' हे शब्द कुठल्याही भाषणात आले की कान टवकारा.

न्यूयॉर्कमध्येही ओझं वाटलं गेलं, पण समान नाही. शिक्षक संघटनेच्या पेन्शन निधीने शहराचे रोखे घेतले तेव्हा १९७५ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरी टळली. हजारो कर्मचारी घरी गेले. शहराच्या विद्यापीठात पिढ्यानपिढ्या फुकट शिक्षण होतं, तिथे १९७६ पासून शुल्क लागू झालं. ज्याची पाठ आधीच वाकलेली, त्याच्यावर ओझं जास्त पडतं. उमेदवार कुणाच्या पाठीवर किती ठेवणार आहे, ते निवडणुकीआधी कळलं पाहिजे.

शहराची मालमत्ता विकून कर्ज फेडू, असं कुणी म्हटलं तर?

क्लीव्हलंडची गोष्ट वाचा आणि मग ठरवा. डेनिस कुसिनिच १९७७ मध्ये ३१ व्या वर्षी महापौर झाले. शहराची स्वतःची एक छोटी वीज कंपनी होती, खासगी कंपनीला ती हवी होती. सुमारे दीड कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत संपत आली. वीज कंपनी विका, मग आम्ही मुदत वाढवू, असा बँकांचा सूर होता. महापौर ठाम राहिला. १५ डिसेंबर १९७८ ला शहराने कर्ज थकवलं. महामंदीनंतर असं करणारं ते पहिलं मोठं अमेरिकन शहर.

दोन महिन्यांनी सार्वमत झालं. लोकांनी वीज कंपनी विकायला नकार दिला आणि त्याचबरोबर स्वतःवरचा आयकर वाढवायला होकार दिला. तरी १९७९ च्या निवडणुकीत कुसिनिच पडले, जॉर्ज व्हॉइनोविच आले. त्यांच्या काळात शहर हळूहळू थाऱ्यावर आलं. १९९८ मध्ये सभागृहाने कुसिनिच यांचा वीज कंपनी वाचवल्याबद्दल गौरव केला.

मग कोण बरोबर? मला वाटतं, मुद्द्यावर कुसिनिच बरोबर होते आणि माणसं सांभाळण्यात नापास. भांडण योग्य असलं तरी सगळ्यांशी एकाच वेळी करायचं नसतं. दुसरी बाजू मेदेयीनची: तिथली वीज-पाण्याची कंपनी शहराच्या मालकीची आहे आणि तिच्या नफ्याचा वाटा दरवर्षी पालिकेला मिळतो. ग्रंथालयं आणि शाळा उभ्या करायला हा पैसा कामी आला. विकणाऱ्याला विचारा, एकदा येणारी रक्कम आणि दरवर्षी येणारी रक्कम यांचं गणित मांडलंय का.

निम्मी वस्ती ओस पडलीय. 'शहर आटोपशीर करू' म्हणणारा उमेदवार शहाणा की निर्दय?

कागदावर शहाणा. दहा घरांच्या रस्त्यावर दोनच घरं राहती असतील तरी पाइप, दिवा आणि कचरागाडी दहा घरांएवढीच लागते.

पण न्यू ऑर्लीन्समध्ये जानेवारी २००६ मध्ये काय झालं ते पाहा. पुनर्बांधणी समितीच्या नकाशावर काही वस्त्यांवर हिरवे ठिपके होते, म्हणजे तिथे बागा व्हाव्यात. त्या वस्त्यांतले लोक अजून परगावी विस्थापित होते आणि आपल्या घरावरचा ठिपका त्यांनी वर्तमानपत्रात पाहिला. संताप इतका झाला की योजना गुंडाळावी लागली. पुढे वस्त्या विस्कळीतच भरल्या, कुठे दोन घरं, कुठे चार. म्हणजे विचारही गेला आणि विश्वासही.

तेव्हा हे बोलणाऱ्याला नकाशा नका विचारू. ज्यांना उठायला सांगणार त्यांना घर कुठे, किती पैसे, आणि त्यांना आधी कोण भेटणार, ते विचारा.

गुन्हेगारी कमी करून दाखवली, असा दावा करणाऱ्यावर किती विश्वास ठेवावा?

अर्धा. मेदेयीनचे सेर्खियो फाहार्दो, आणखी एक गणितज्ञ, २००४ ते २००७ महापौर होते. सगळ्यात गरीब टेकड्यांवर त्यांनी सगळ्यात देखण्या इमारती बांधल्या. खून झपाट्याने कमी झाले. पण त्याच सुमारास राष्ट्रीय सरकारची लष्करी कारवाई झाली होती, निमलष्करी टोळ्यांचं निःशस्त्रीकरण झालं होतं, आणि एका टोळीप्रमुखाची शहरावर एकहाती पकड होती. २००८ मध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली केल्यावर खुनांचा आकडा पुन्हा वर गेला. टेकड्यांवर जाणाऱ्या प्रसिद्ध केबल कारचा पहिला मार्गही आधीच्या महापौराने बांधला होता. फाहार्दो यांचं काम खरंच मोठं, पण आकडा एकट्याचा नसतो.

माणूस प्रामाणिक आहे, एवढं पुरेसं नाही का?

नाही, पण त्याच्याशिवाय बाकी काही उपयोगाचं नाही. नॅगिन २००६ मध्ये पुन्हा निवडून आले, २०१४ मध्ये लाचखोरीसह २० आरोपांत दोषी ठरले, १० वर्षांची शिक्षा झाली. डेट्रॉइटचे क्वामी किलपॅट्रिक ३१ व्या वर्षी निवडून आलेले, वक्तृत्व असं की सभा डोलायची. पाणी खात्याच्या कंत्राटांतून मित्राच्या कंपनीला मलिदा मिळवून दिल्याबद्दल २०१३ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. ती पुढे २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी कमी केली.

दोघेही निवडून येताना ताजेतवाने, आशादायी होते. चेहऱ्यावरून प्रामाणिकपणा ओळखता येत नाही, म्हणून पद्धत विचारा. निविदा कोण उघडणार? एकच ठेकेदार बोली लावेल तेव्हा काय? बदलत्या कामांची जादा बिलं कोण मंजूर करणार आणि ती लोकांना कुठे दिसणार? संकटात 'तातडीची' म्हणून विनानिविदा कामं निघतात. गळती तिथेच असते. न्यू ऑर्लीन्समध्ये २०१० मध्ये आलेल्या मिच लँड्र्यू यांनी पडीक घरांवरच्या कारवाईचा आढावा लोकांसमोर, आकड्यांसकट घ्यायला सुरुवात केली. ज्या अधिकाऱ्याचं काम झालेलं नाही त्याला ते सगळ्यांसमोर सांगावं लागायचं. साधी गोष्ट आहे, पण ती करायला धाडस लागतं.

वरच्या सरकारशी भांडणारा बरा की जुळवून घेणारा?

जुळवून घेणारा, पण लाचार नव्हे. खचलेलं शहर स्वतःच्या पैशावर उठत नाही. पिट्सबर्ग धुराने काळवंडलं होतं तेव्हा डेमोक्रॅट महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी रिपब्लिकन बँकर रिचर्ड किंग मेलन यांच्याशी हातमिळवणी केली आणि धूरबंदीचा रखडलेला कायदा खरोखर अमलात आणला. दोघांचे पक्ष वेगळे, शहर एक.

प्रचारसभेत माइक हाती आला तर काय विचारू?

'तुमचं व्हिजन काय' हे नको. त्यावर वीस मिनिटं जातील. हे विचारा: पालिकेचं यंदा व्याजावर किती जातं आणि पगार-पेन्शनवर किती? (आकडा चुकला तर माफ, पण अंदाजच नसेल तर नाही.) वित्त खात्याला, पाणी खात्याला आणि पोलिसांना कोण माणसं आणणार, नावं नाही तर निदान कुठल्या अनुभवाची? तुमच्या सगळ्यात मोठ्या देणगीदाराला तुमच्या कुठल्या निर्णयाचा राग येईल? शेवटच्या प्रश्नानंतर जो शांततेचा क्षण येतो, तो नीट ऐका.

निवडून आल्यावर किती दिवस वाट पाहायची?

कामानुसार. कचरा, दिवे, फोन उचलणं यात सहा महिने ते दोन वर्षांत फरक दिसलाच पाहिजे. हिशेबाला जास्त वेळ लागतो. एड कॉच १९७८ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर झाले आणि १९८१ च्या अंदाजपत्रकात जमाखर्च जुळला, ठरल्या मुदतीच्या वर्षभर आधी. घरबांधणीचा मोठा कार्यक्रम त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. आधी ताळेबंद, मग घरं. उलट क्रम लावला असता तर दोन्ही बुडालं असतं. माणसं परत येणं सगळ्यात हळू. डेट्रॉइटच्या लोकसंख्येचा अंदाज कित्येक दशकांनी पहिल्यांदा वाढलेला दिसला तो २०२३ साठी, म्हणजे डगन यांच्या दहाव्या वर्षी.

मात्र 'वेळ द्या' हे पांघरूण होऊ देऊ नका. डेट्रॉइटमध्ये वर्षानुवर्षं घरांचं मूल्य फुगवून कर आकारला गेला, तो थकला म्हणून कित्येकांची घरं जप्त झाली. शहर सावरत असल्याच्या बातम्यांच्या काळातच ते चालू होतं. झगमगीत मध्यवस्ती पाहून निकाल लावू नका. कडेच्या वस्तीत बस येते का, ते पाहा.

निवड चुकली तर?

काही शहरांत परत बोलावता येतं. कुसिनिच यांच्यावर ऑगस्ट १९७८ मध्ये तशी निवडणूक आली होती, ते अवघ्या २३६ मतांनी वाचले. कोलंबियात उमेदवाराला अर्जाबरोबर आपला कार्यक्रम नोंदवावा लागतो आणि तो पाळला नाही तर मतदार त्याला परत बोलावू शकतात. तिथे लागोपाठ दुसरी खेपही मिळत नाही. त्याचा फायदा असा की बरा माणूस पदाला चिकटून बसत नाही, तोटा असा की चांगलं काम अर्धवट सुटतं. बोगोटाने मोकुस आणि पेन्यालोसा यांच्यासारखे कर्ते महापौर पाहिले आणि त्याच शहराने पुढे सामुएल मोरेनो यांनाही निवडून दिलं. ते कंत्राटांच्या घोटाळ्यात २०११ मध्ये निलंबित झाले.

माझं नाव मतदार यादीत नेमकं किती दिवस असायला हवं? आणि उमेदवाराचं?

आपल्या शहराचा नियम वाचा, अंदाज करू नका. डगन उपनगरातून डेट्रॉइटमध्ये राहायला आले आणि २०१३ च्या प्राथमिक फेरीसाठी त्यांनी अर्ज भरला. वर्षभराच्या वास्तव्याची अट पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी होते. अर्ज बाद. मुदत संपायला अजून अवकाश होता, घाई केली नसती तर बाद झालाही नसता. मग त्यांनी मतदारांना मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायला सांगितलं. जवळजवळ त्याच नावाचा एक न्हावीही तसाच मैदानात उतरला. तरी डगन पहिले आले.

मी या शहरात फक्त कामाला येतो. मला मत नाही, पण भोगावं मलाही लागतं. मी काय करू?

डेट्रॉइटसारखी काही शहरं बाहेरून कामाला येणाऱ्यांकडूनही आयकर घेतात, रहिवाशांच्या निम्म्या दराने. कर देता तर प्रश्न विचारायला संकोच कसला? अंदाजपत्रकावरच्या जाहीर सुनावण्यांना जाऊन बसा. तिथे सहसा खुर्च्या रिकाम्याच असतात, आणि ओळखपत्र फार क्वचित मागतात.